बायबलचं कव्हर शिवून घेतलं, चार स्टार

बेळगावात खडे बाजारच्या बाजूला बॅगा दुरुस्त करणारं एक बारकं दुकान आहे, मशीन पायरीवरच आणि आत माणूस वळेल एवढीच जागा. तिथं माझ्या बायबलला रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं त्याचा हा रिव्ह्यू. तक्रार पण आहे म्हणून दुकानाचं नाव टाकत नाही.

280 रुपये घेतले. गुरुवारी देतो म्हणाले आणि दिलं पुढच्या बुधवारी, पण शिलाई एक नंबर, डबल टीप, कोपरे आत मुडपलेले, पेन अडकवायला वेगळी पट्टी. खानापूर-बेळगाव बसच्या खिडक्या पावसाळ्यात कशा गळतात हे रोज येणाऱ्यांना सांगायला नको, आणि बायबलचा कागद म्हणजे कांद्याचा पापुद्रा, एकदा भिजला की पानं चिकटलीच.

माप घेताना ते म्हणाले, "पुढच्या बाजूला क्रॉस मारतो की बाई, सोनेरी रेक्झिन शिल्लक आहे, त्याचे पैसे नकोत." मी म्हटलं नको, प्लेनच ठेवा. "डायरीसारखं दिसंल मग." म्हटलं तसंच पाहिजे.

आता हे लिहायला लाज वाटते पण खरं तेच. आई याच बसमध्ये मांडीवर उघडं बायबल घेऊन वाचत यायची, कुणी काही बोललं नाही. 2021 च्या डिसेंबरात इथंच सुवर्णसौधात, म्हणजे कर्नाटकच्या बेळगावातल्या विधानभवनात, धर्मांतरविरोधी कायदा विधानसभेत पास झाला आणि त्यानंतर लोक बघतात तेच वेगळं, का मलाच तसं वाटतं कोण जाणे. ऑफिसातली एक मैत्रीण, जिच्या हळदीकुंकवाला मी दरवर्षी जाते, तिनं डबा खाताना हसत विचारलं, "महिन्याला किती देतात गं तुमच्यात?" आणि मी पण हसले. लंडन मिशन ही इंग्रज मिशनरी संस्था बेळगावात आली 1820 ला, 1904 ला ते काम मेथडिस्ट या दुसऱ्या पंथाच्या मिशनकडं गेलं, आमच्या घरात पणजोबांपासून हेच चालत आलंय, कंदिलाच्या उजेडात वाचायचे ते, हे सगळं मला माहीत होतं की, पण तोंडातून एक शब्द निघाला नाही. कानडीवाल्यांत आम्ही मराठी आणि मराठी लोकांत आम्ही ख्रिश्चन, दोन्हीकडं जरा कडेलाच बसायची सवय लागलेली.

तर कव्हरनं काम चोख केलं. बसमध्ये एकानं विचारलं पण, शिक्षिका आहात काय? मी नुसती मान हलवली, म्हणजे हो का नाही ते त्यांचं त्यांनी समजून घ्यावं. बायबलातला निकदेम नावाचा पुढारी तरी रात्रीच्या अंधारात येशूकडं गेला होता, मी दिवसाढवळ्या हे असलं करत होते.

आता तक्रार. झिप हलकी आहे. जुलैत त्याच मैत्रिणीच्या मुलाचं ऑपरेशन निघालं, जिन्यात मला गाठून हळूच म्हणाली, "तुझ्या देवाला सांग की गं." मी पर्समधून ते काढलं तर झिप अर्ध्यात अडकली, पावसानं रनर गंजलेला. मी ओढते, मग ती ओढते, दोघी घामाघूम. "ही तर तुझी डायरी ना?" म्हटलं, नाही गं, बायबल आहे. ती गप्प. शेवटी न उघडताच प्रार्थना केली, तिथंच, वरून प्यून उतरत होता तरी. तिनं माझा हात धरलेला. मुलगा आता बरा आहे, ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, मी काही चमत्कार सांगत नाही.

झिप त्यांनी फुकटात बदलून दिली, यावेळी पितळी लावली, वाद नाही घातला. एक स्टार त्या पहिल्या झिपसाठी आणि सहा दिवस उशिरासाठी कापलाय. पैसे रोखच न्या, फोनपे चालत नाही.

परत घेताना मीच विचारलं तो क्रॉसचा तुकडा आहे का अजून. सोनेरी संपलं म्हणाले, लाल आहे. लाल लांबून पण दिसतो. बघून सांगते म्हटलंय.