कृत्रिम स्नायूचं किट: उष्णतेला झकास, उजेडाला फसवं

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी हे किट मागवणार असाल तर आधी ठरवा, त्यातून बनणारी द्रव-स्फटिकी रबराची पट्टी (हाच तो कृत्रिम स्नायू) उष्णतेनं आकसायला हवी आहे की उजेडानं वाकायला. खोक्यावर दोन्ही छापलंय. पहिलं काम फक्कड जमतं. दुसरं, खोक्यातल्या सामानावर तरी, जमत नाही.

आरएम२५७ या द्रव-स्फटिकी अ‍ॅक्रिलेटची पांढरी पूड ४ ग्रॅम. ती १.६ ग्रॅम टोल्युइनमध्ये ८० अंशांवर विरघळवायची. त्यात ०.२१७ ग्रॅम पीईटीएमपी, ०.९१६ ग्रॅम ईडीडीईटी (दोन्ही थायॉल, म्हणजे गंधक असलेली रसायनं) आणि ०.०२६ ग्रॅम एचएचएमपी (यूव्हीनं जागं होऊन पट्टी पक्की करणारं). या मापात अ‍ॅक्रिलेट थायॉलपेक्षा साधारण १५ टक्के जास्त पडतं, आणि ताणलेली पट्टी नंतर यूव्हीखाली पक्की होते ती या शिल्लक अ‍ॅक्रिलेटमुळेच. दोन दशांशांच्या वजनकाट्यावर हे मोजायला जाऊ नका, ०.०२६ तिथे ०.०२ ही दिसेल, ०.०३ ही. थायॉलच्या बाटल्या खिडकीशी उघडा. घरगुती गॅसला वास यावा म्हणून जे मिसळतात तेही थायॉलच, त्यामुळे शेजारच्या वर्गातून सिलिंडर गळतोय अशी हाकाटी होणारच.

सगळ्यात जास्त बॅचेस वाया जातात त्या डायप्रोपिलअमाइन हे उत्प्रेरक घालताना. ते टोल्युइनमध्ये १ ला ५० पातळ करून ०.५६८ ग्रॅम घालायचं. थेट ओतलं तर पडलं तिथेच गोळा होतो. माहितीपत्रकात 'खोलीच्या तापमानाला आणा' एवढंच लिहिलंय. लिहिणाऱ्याची खोली २५ अंशांची असणार. मे महिन्यात परभणी-नांदेडला पंख्याखालची खोलीही चाळिशीला टेकते, आणि व्हॅक्यूमनं बुडबुडे काढून होण्याआधीच मिश्रण घट्ट व्हायला लागतं. कुपी माठाच्या पाण्यात धरा, बर्फात नको. फार गार झालं की आरएम२५७ पांढरे कण होऊन बाहेर पडतं. तसं दिसलं तर उत्प्रेरक घालण्याआधी पुन्हा ८० अंशांवर न्या.

साच्यात १२ तास, मग व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० अंशांवर २४ तास. मध्ये लाईट गेली तरी पट्टी बिघडत नाही, तेवढा वेळ पुढे वाढवायचा. तयार पट्टी दुधी असते. हळूहळू दुप्पट ताणली की ती काचेसारखी स्वच्छ होते, म्हणजे आतले रेणू एका दिशेला लागले. तशीच चिमट्यात धरून ३६५ नॅनोमीटरखाली १० मिनिटं ठेवा. पुढे गरम केली की आकसते, गार झाली की लांबते. इथपर्यंत किटला पैकीच्या पैकी.

आता अझोबेन्झीनची केशरी पुडी. या रंगाचा रेणू ३६५ नॅनोमीटरच्या यूव्हीत वाकडा होतो आणि निळ्या उजेडात सरळ. पण एचएचएमपीला जागं करायलाही तोच यूव्ही लागतो, आणि तो रंगच आधी गिळून टाकतो. वरची कातडी पक्की होते, खालचा भाग कच्चा राहतो आणि चिमटा सोडताच मागे सरकतो. पट्टी गुंडाळते खरी, पण ते उजेडानं वाकणं नव्हे, अर्धवट पक्की झाल्याची खूण. यूव्ही टॉर्च बंद असतानाही गुंडाळलेलीच राहते, यावरून ओळखा.

साचाही चुकीचा. किटचा साचा १ मिलिमीटर खोल, आणि यूव्ही शिरतो वरचे काही मायक्रॉन. तेवढाच थर आकसतो म्हणून फिल्म उजेडाकडे वाकते. २००३ मध्ये जपानमध्ये रसायनशास्त्रज्ञ तोमिकी इकेडांच्या गटानं वाकवून दाखवलेली फिल्म जेमतेम काही मायक्रॉनची होती. १ मिलिमीटरची जाड पट्टी ढिम्म हलत नाही. रंग वाढवून उपयोग नाही, उलट उजेड आणखी वरच अडतो.

उजेडाचंच काम करायचं असेल तर पुडी ठेवा, बाकी बदला. रेणू एका दिशेला लागावेत म्हणून पॉलिइमाइडचा थर लावून मखमलीनं एकाच दिशेला घासलेल्या दोन काचा, मध्ये अंतर राखायला २० मायक्रॉनचे स्पेसर, आणि एचएचएमपीच्या जागी हिरव्या उजेडात चालणारं इर्गाक्युअर ७८४. मिश्रण दोन काचांत केशाकर्षणानं आपोआप चढतं. काचा आधी गरम करून घ्या, गार काचेत ते अर्ध्यावर अडतं. अ‍ॅक्रिलेट कातडीला बाधतं, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला. किटमधले पातळ प्लास्टिकचे मोजे टोल्युइनसमोर कुचकामी आहेत.