स्नेक प्लांटची नवी रोपे: पान पाण्यात, पान वाळूत की कंदाची विभागणी?

बेळगावातील टिळकवाडी-शहापूरच्या अंगणांत आणि निपाणी-चिकोडीकडच्या पडव्यांत हल्ली सहज दिसणाऱ्या स्नेक प्लांटची रोपे घरीच वाढवायची असतील, तर तीन मार्ग आहेत: पानाचा तुकडा पाण्यात ठेवणे, तोच तुकडा वाळूत रोवणे किंवा कंद कापून वेगळा लावणे. निवड करण्यापूर्वी पानाचा काठ पाहावा. काठाला पिवळी किनार असेल, तर पानापासून होणारे रोप बहुतेक वेळा साधे हिरवे निघते, कारण किनारीच्या आणि मधल्या पेशी जनुकीयदृष्ट्या वेगळ्या असून नवा कोंब सहसा मधल्या हिरव्या पेशींतून येतो. किनार टिकवायची असेल, तर कंदाची विभागणी हाच खात्रीचा मार्ग आहे आणि तेथे बाकीच्या तुलनेचे कारण उरत नाही.

पान साध्या हिरव्या जातीचे असेल, तर मात्र मुळे कशी फुटतात हे समजून घेणे उपयोगी ठरते. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील वनस्पतीवरील संशोधनातून असे दिसते की, पान तुटताच काही तासांत जखमेजवळ जॅस्मोनेट हे इजेची सूचना देणारे संप्रेरक वाढते, त्यामुळे ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकाच्या निर्मितीला चालना मिळते, हे ऑक्सिन शिरांमधून कापलेल्या टोकाकडे वाहत जाते आणि तेथील शिरांलगतच्या पेशी आपली मूळ ओळख सोडून मुळाच्या पूर्वज पेशी बनतात. ऑक्सिनचा हा प्रवास पानाच्या बुडाकडे होतो, म्हणून उलटा रोवलेला तुकडा रुजत नाही. तुकडे करतानाच खालच्या बाजूला खूण करून ठेवावी.

मूळ फुटले म्हणजे रोप झाले, असे मात्र नाही. स्कूग आणि मिलर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1957 साली तंबाखूच्या ऊतींवर दाखवून दिले की, सायटोकायनिन या पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या संप्रेरकाच्या तुलनेत ऑक्सिन अधिक असले की मुळे येतात आणि प्रमाण उलटले की कोंब येतात. रबराच्या झाडाचे नुसते पान मुळे धरते, परंतु डोळा नसल्याने त्याला कोंब येत नाही. स्नेक प्लांटला कोंब येतो, मात्र त्याला अनेक महिने लागतात, तर विभागलेला कंद लगेच तयार रोप देतो. वाढलेल्या रोपाची मोठी कुंडी उपलब्ध असलेल्याने म्हणूनच विभागणी निवडावी. ज्याला एकाच पानापासून पुष्कळ रोपे हवी असतील, त्याने पानाकडे वळावे.

पाण्यात मुळे डोळ्यांना दिसतात, पण पाण्यात प्राणवायू कमी असल्याने काप कुजण्याची भीती राहते आणि तेथे वाढलेली मुळे मातीत हलवताना सहज मोडतात. माझा कौल भरड वाळू व कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) मिश्रणाला आहे. बेळगाव-खानापूरची लाल माती किंवा अथणीकडची काळी माती एकटी वापरू नये, कारण ओली झाल्यावर दोन्ही दाट बसतात आणि कापाला हवा मिळत नाही. तुकडा सावलीत दोन-तीन दिवस वाळवून मगच रोवावा.

हंगामाचाही विचार करावा. खानापूर पट्ट्यात जुलै-ऑगस्टच्या सततच्या पावसात तुकडे कुजतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मुळांची वाढ मंदावते, म्हणून तेथे फेब्रुवारीअखेर ते मे हा काळ सोयीचा असतो. अथणी-रायबागकडे मात्र एप्रिलचे ऊन तीव्र असल्याने कुंडी दिवसभर सावलीतच ठेवावी.