वीस हजारांत हेडफोन: सोबत अँप लागतो का?

वीस हजारांच्या आसपास खिसा असला की चार नावं पुन्हा पुन्हा समोर येतात. ऑडिओ-टेक्निकाचा एम50एक्स, सेनहायझरचा एचडी 560एस, बायरडायनामिकचा 250 ओहमचा डीटी 990 प्रो आणि हायफायमॅनचा एचई400एसई. त्यांतला कुठला घ्यायचा हे कानावर ठरतं. अँप (अँप्लिफायर, म्हणजे हेडफोनला जादा ताकद देणारा वेगळा डबा) लागेल की नाही हे मात्र आकड्यांवर ठरतं, आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते.

| हेडफोन | बांधणी | ओहम (विजेला होणारा अडथळा) | 1 व्होल्टला आवाज | त्या वेळचा करंट |
|---|---|---|---|---|
| एम50एक्स | बंद | 38 | 113 डेसिबल | 26 मिलिअँपिअर |
| एचडी 560एस | उघडी | 120 | 110 | 8 |
| डीटी 990 प्रो | उघडी | 250 | 102 | 4 |
| एचई400एसई | उघडी, प्लेनर (कोनऐवजी सपाट पडदा) | 30च्या आसपास | सुमारे 106 | 30च्या वर |

खोक्यावरचे आकडे थेट शेजारी ठेवू नका. सेनहायझर 560एससाठी 1 व्होल्टमागचा आवाज सांगते, बाकीचे बहुधा 1 मिलिवॉटमागचा. डीटी 990वर 96 दिसतं, पण 250 ओहमला 1 मिलिवॉट म्हणजे अर्धा व्होल्ट. व्होल्ट दुप्पट झाले की 6 डेसिबल वाढतात, त्यामुळे 1 व्होल्टला तेच 102 होतं.

1 व्होल्टच का? ॲपलचा साधा यूएसबी-सी डोंगल, म्हणजे फोनला हेडफोन जोडायचा छोटा तुकडा, एवढंच देतो. युरोपात विकला जाणारा त्याच्या निम्मं, म्हणजे 6 डेसिबल कमी. शांत खोलीत माणूस 75 डेसिबलच्या आसपास ऐकतो आणि तबल्याची जोरकस थाप सरासरीच्या वीसेक डेसिबल वर जाते. म्हणजे गरज शंभरच्या आतबाहेरची. तेव्हा ‘250 ओहम फोनवर चालतच नाही’ हे अर्धसत्य आहे. चालतो, फक्त हाताशी काही उरत नाही. हळू आवाजात भरलेलं जुनं रेकॉर्डिंग लावलं की व्हॉल्यूम टोकाला जातो. काही अँड्रॉइड फोन तर हा डोंगल पूर्ण आवाजाला सोडतच नाहीत. तिथे दोष हेडफोनचा नसतो.

उलट एचई400एसईचे ओहम बघून तो सोपा वाटतो. त्याला व्होल्टपेक्षा करंट हवा असतो, आणि फोनचा बारका जॅक तिथेच दमतो.

कुठला कोणासाठी? घरात टीव्ही चालू असेल, लोकलमध्ये ऐकायचं असेल किंवा माइकसमोर गायचं असेल, तर एम50एक्सच. उघड्या हेडफोनचा आवाज शेजारच्याला ऐकू जातो. एम50एक्सचा खर्ज थोडा फुगलेला आहे. चष्म्याच्या काडीमुळे गादी नीट टेकली नाही, तर तोच खर्ज निसटतो. मुंबई-कोकणच्या दमटपणात रेक्झिनच्या गाद्या सोलतात, तेव्हा बदलीच्या गाद्यांचा खर्च आधीच धरा. गायन, तंतुवाद्यं आणि तानपुऱ्याची जवारी नीट ऐकायची असेल तर 560एस. चौघांत माझा कौल त्यालाच, कारण अँप नसला तरी त्याचं अडत नाही. डीटी 990 दणकट आहे, मखमली गाद्या उन्हाळ्यात सुसह्य आहेत, पण 8 किलोहर्ट्झच्या आसपास त्याचा आवाज टोचतो: भजनातले टाळ आणि गायकाचे ‘स-श’ कानात घुसतात. केबलही कायमची जोडलेली. तुटली की सोल्डरिंग आलंच. एचई400एसई स्वच्छ वाजतो, पण 390 ग्रॅम डोक्यावर तीन तास नको होतात.

डीटी 990चा टोचरेपणा विंडोजवर इक्वलायझर एपीओ या फुकट सॉफ्टवेअरनं 4–5 डेसिबल उतरवता येतो. खर्ज 6 डेसिबल वाढवायचा असेल, तर त्यातला प्रीअँप, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, उणे 6 ठेवावा लागतो, नाहीतर आवाज फाटतो. हे 6 डेसिबल गेले की डीटी 990 आणि एचई400एसईला डोंगल अपुरा पडतो. अँपची खरी गरज इथे सुरू होते.

अँप घेताना त्याचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे अँपचा स्वतःचा ओहममधला अडथळा, हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शाहून कमी हवा. एम50एक्सला म्हणजे पाचाच्या खाली. जुन्या रिसीव्हरच्या हेडफोन जॅकमागे बऱ्याचदा शेकडो ओहमचा रेझिस्टर असतो. तिथे साध्या हेडफोनचा खर्ज सैल होतो. प्लेनरचा स्वर बदलत नाही, आवाज तेवढा पडतो. गेन, म्हणजे अँप आवाज किती पट वाढवतो ते, कमीवरच ठेवा. जास्त गेनवर एम50एक्स लावला तर बटण जेमतेम हलवावं लागतं आणि त्या तळच्या भागात डावा-उजवा कान सारखा वाजत नाही.

अँप अमेरिकेतल्या नातेवाइकाकरवी मागवणार असाल, तर त्याचा विजेचा अडॅप्टर आधी बघा. जेडीएस लॅब्सचा ॲटम, शिटचा मॅग्नी यांचे अडॅप्टर एसी घेऊन एसीच देतात. तिथला 115 व्होल्टचा नग आपल्या 230च्या सॉकेटमध्ये जळतो, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला डीसी अडॅप्टर त्याच्या जागी चालत नाही. 230चाच मागवा.

560एसच्या 3 मीटर केबलला जाड 6.3 मिलिमीटरचा प्लग आहे. आखूड तारेचा अडॅप्टर वापरा. जाड प्लग तसाच डोंगलला लोंबकळत ठेवला तर आधी डोंगल मरतो.