मॅट पिलाटेस: काही महिन्यांच्या वापरानंतर

रोज साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढणाऱ्यांना पिलाटेस, म्हणजे श्वासाच्या तालावर पोट-कमरेचे स्नायू सावकाश घडवणारा व्यायाम, हा शहरी चोचला वाटतो. चढायला त्यांचे पाय तयारच असतात. खरी गोम उतरताना कळते: कंबर धरते, गुडघा कुरकुरतो. बऱ्याचदा पाय दमलेले नसतात, पाऊल टेकताना कमरेला वेळेवर आधार मिळत नाही. पिलाटेस नेमकं त्यावर काम करतं, आणि त्यासाठी रिफॉर्मर हे स्प्रिंगवर सरकणारं महागडं यंत्र लागत नाही. ही पद्धत घडवणाऱ्या जोसेफ पिलाटेस यांचे मूळ ३४ मॅट व्यायाम जमिनीवरच होतात. नवख्याला त्यातले सात-आठ खूप झाले.

मॅट मात्र नीट बघून घ्यावी. योगाची ४ ते ६ मिलिमीटरची मॅट शहाबादी फरशीवर पुरत नाही, पाठीवर गोल फिरताना मणके टोचतात. १० ते १५ मिलिमीटरची बरी. फार जाड मॅटवर एका पायावर उभं राहताना तोल डगमगतो, तेवढे व्यायाम फरशीवर करावेत. साताऱ्याच्या पावसाळ्यात फरशी ओलसर असते, मॅट खालून सरकते आणि तिला कुबट वास येतो. आधी फरशी कोरड्या फडक्याने पुसावी, नंतर मॅट दोन्ही बाजूंनी सावलीत वाळवावी. उन्हात टाकली की फोम कडक होऊन चिरतो.

आता मुख्य गोष्ट. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, तळपाय कमरेइतक्या अंतरावर. तळहातांचा मनगटाकडचा भाग कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर, बोटांची टोकं ओटीपोटाच्या तळाच्या हाडावर. या त्रिकोणावर भरलेली वाटी ठेवली तरी सांडू नये, इतका तो सपाट हवा. नाकाने श्वास घेताना बरगड्या दोन्ही बाजूंना फुगतात. सोडताना ओटीपोट हलकेच आत ओढायचं आणि एक पाय उचलायचा, गुडघा काटकोनातच. इथेच बहुतेकांचं पितळ उघडं पडतं: एका बाजूचं हाड कलतं, कंबर फरशीपासून सुटते किंवा पोट वर फुगतं. म्हणजे जांघेच्या स्नायूने पाय ओढला आणि पोटाचे खोल स्नायू मागून आले. अशा वेळी पाय उचलूच नये, फक्त टाच उचलावी. प्रत्येक बाजूला ६ ते ८ वेळा, सावकाश. दिसायला क्षुल्लक, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

‘हंड्रेड’ या व्यायामात पाठीवर झोपून डोकं आणि पाय उचलून हात खालीवर हलवायचे, ५ ठोके श्वास आत, ५ बाहेर, असं १० वेळा. मान दुखली तर हनुवटी पुढे काढून डोकं ओढलं जातंय, खांद्यामागचा भाग उचललाच जात नाही. डोकं खाली ठेवून केलं तरी चालतं. कंबर सुटत असेल तर पाय आणखी वर घ्यावेत.

ब्रिजमध्ये, म्हणजे पाठीवर झोपून नितंब वर उचलताना, मांडीच्या मागे गोळा येतो, कारण टाचा नितंबांपासून फार लांब असतात. त्या जवळ घेऊन टाचेने फरशी दाबली की काम नितंबांकडे जातं. उतरताना एकेक मणका टेकवायचा. कुठेतरी तीन-चार मणके एकदम धपकन येतात, बहुधा कमरेपाशी. तो पट्टा ताठर आहे हे आरशात कधीच दिसत नाही.

आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. बसण्यात आणि उतार उतरण्यात फरक जाणवतो. पायांची जड ताकद आणि दमसास यातून फारसा वाढत नाही. किल्ला आणि बैठका बंद करू नयेत.

रबरी पट्टा घ्यावा. उन्हाळ्यात चिकटतो, थोडी टाल्कम पावडर लावली की झालं. गुडघ्यांत दाबायची रिंग नाही घेतली तरी चालते, गुडघ्यांत घट्ट उशी दाबून तेच होतं. व्हिडिओ मात्र आधी पाहून घ्यावा. पडून मान वळवत पाहिला तर मानेचंच दुखणं पदरात पडतं.

हाडं ठिसूळ असतील किंवा मणक्यांमधली गादी सरकली असेल तर पुढे वाकून उठण्याचे व्यायाम टाळावेत आणि फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरू करावं. गरोदरपणात पाठीवर फार वेळ झोपून करू नये.

क्लास लावायचा तर बॅच किती जणांची आहे ते आधी विचारावं. वीस जणांत आकडे मोजले जातात, कोणाचं हाड कललं ते कोणी बघत नाही.