वर्गातल्या खेळांतून मूल्यमापन: वर्षभर वापरल्यावर काय ठेवलं, काय सोडलं

जूनपासून पाचवीला गणितात खेळ घेऊन आकारिक मूल्यमापन करतेय, म्हणजे शिकवणं चालू असतानाच कोणाला किती समजलंय ते तपासतेय, आता वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय, म्हणजे अख्खं वर्ष झालंच, तर एकदा सगळं लिहून टाकते. आमची जिल्हा परिषदेची शाळा, वर्गात ३२ पोरं, एक स्मार्ट टीव्ही आहे पण लाइटचा भरवसा नाही, आणि पोरांकडे मोबाइल नाहीत. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची जी परिस्थिती असते तीच.

पोरं किती खूश होती हे मी लिहिणार नाहीये, कारण खेळ म्हटलं की पोरं खूश असतातच. मी प्रत्येक खेळाला दोनच गोष्टी विचारल्या. खेळ संपल्यावर कोणाला येत नाही हे मला कळलं का, आणि का येत नाही हे कळलं का. ह्या दोन प्रश्नांवर घासून बघितलं तर खूप गाजलेले खेळ बाद होतात, आणि काही साधे खेळ असे निघतात की लेखी चाचणीत जे दिसत नाही ते दाखवतात.

आधी सोडलेले सांगते. गट पाडून प्रश्नमंजूषा, ती केबीसी टाइप, मी बंदच केली. गटातली दोन हुशार पोरं उत्तरं देतात, बाकीची टाळ्या वाजवतात, गटाला दहापैकी नऊ मार्क पडतात आणि त्या नऊ मार्कांच्या मागे पाच पोरं लपलेली असतात. उजळणीला, वातावरण हलकं करायला ठीक आहे, पण त्यावरून नोंद करू नका. भेंड्यांचंही तेच, मराठीच्या तासाला मजा येते, पण ज्याला शब्द सुचत नाही तो गप्प बसतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं म्हणजे वेगावर गुण देणारे खेळ. नॉर्वेचं कहूट हे प्रश्नमंजूषेचं अ‍ॅप आहे ना, २०१३ ला आलेलं, खूप शाळांमध्ये चालतं, त्यात नेहमीच्या सेटिंगमध्ये एका प्रश्नाला १००० पर्यंत गुण असतात आणि उशिरा बरोबर उत्तर दिलं की ते निम्म्यापर्यंत खाली येतात. स्पर्धा म्हणून भारी आहे, पण मला पाचवीच्या पोराला भागाकार समजलाय का बघायचंय, तो किती पटकन वाचतो हे नाही. मराठी वाचायलाच ज्याला वेळ लागतो असं मूल घरात वेगळी बोली बोलणारं असतं, ऊसतोडीच्या फडावरून परत आलेलं असतं, त्याला भागाकार येत असतो आणि तरी ते शेवटच्या नंबरावर दिसतं. अशा मुलाचा नंबर सगळ्यांसमोर स्क्रीनवर दाखवायला माझा तरी हात धजत नाही. म्हणून टायमर माझ्या वर्गात कुठल्याच खेळाला नाही, म्हणजे नाहीच.

आता जे ठेवलं ते. सगळ्यात जास्त वापरलं ते प्लिकर्स ह्या अ‍ॅपची कार्डं. ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी, प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर क्यूआर कोडसारखी काळी आकृती, प्रत्येकाची वेगळी, आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, बाईंनी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कोणी काय उत्तर दिलं ते नावासकट फोनवर येतं. मोबाइल एकच, तोही आपला. साधा संच ४० कार्डांचा आहे आणि मोठा ६३ चा, त्यामुळे पट जास्त असला तरी चालतं. मी कार्ड नंबर आणि हजेरी क्रमांक एकच ठेवलेत. टीव्ही लागतोच असं नाही, लाइट गेली की प्रश्न फळ्यावर लिहिते आणि फोनने स्कॅन करते, नेट फोनचंच.

मला ह्यात सगळ्यात मोलाचं काय वाटतं तर शेजारच्याला कळत नाही. अक्षरं इतकी बारीक आहेत आणि आकृती इतक्या वेगवेगळ्या आहेत की बघून करता येत नाही, त्यामुळे जे मूल कधीच हात वर करत नाही तेसुद्धा उत्तर देतं आणि चुकलं तर फक्त मला कळतं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, वह्या इतक्या स्वच्छ की बघत राहावं, तोंडी विचारलं की मान खाली. ती फळ्यावरून उतरवून घेत होती आणि हातच्याची वजाबाकी तिला अजिबात येत नव्हती, हे कार्डांमुळे जुलैतच कळलं, नाहीतर पहिल्या सत्राच्या पेपरपर्यंत तसंच राहिलं असतं आणि तोपर्यंत आम्ही भागाकारापर्यंत पोचलो असतो.

पण खरं काम कार्डाचं नाहीये, प्रश्नाचं आहे, आणि ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. ५०३ वजा २६७ हे उदाहरण घ्या. बरोबर उत्तर २३६. आता चुकीचे पर्याय मनाला येईल ते टाकायचे नाहीत, पोरं खरोखर जिथे घसरतात ते टाकायचे. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करणारं मूल ३६४ म्हणतं. हातचा घेताना मधल्या शून्याचे दहा केले पण त्यातला एक पुढे देऊन नऊ उरतात हे विसरलं की २४६ येतं. आणि पाचाचे चार करायचे राहिले की ३३६. असे पर्याय दिले की फोनवर नुसतं लाल-हिरवं दिसत नाही, तीन वेगवेगळे आजार दिसतात. ३६४ वाल्यांना वजाबाकीची कल्पनाच पहिल्यापासून, काड्यांचे गठ्ठे सोडून, शिकवावी लागते, ३३६ वाल्यांना दोन मिनिटं पुरतात. दोघांनाही गोळा लावून वही परत देणं हे मला आता पटत नाही.

दशांश अपूर्णांकात तर अजून गंमत आहे. ०.४, ०.३५ आणि ०.१२५ मध्ये मोठी संख्या कोणती असं विचारलं तर उत्तर ०.४, आणि बरीच पोरं बरोबर येतात, आपण खूश. पण काही पोरांना असं वाटत असतं की पॉइंटनंतर जितके कमी अंक तितकी संख्या मोठी, तीसुद्धा इथे बरोबरच येतात! म्हणून मी प्रश्न बदलला: ०.३, ०.४५, ०.१२५ आणि ०.०९ मध्ये मोठी कोणती. आता १२५ हा मोठा आकडा बघून भुलणारी ०.१२५ धरतात, कमी अंक म्हणजे मोठी संख्या समजणारी ०.३ धरतात, नऊ हा अंक बघणारं एखादं ०.०९, आणि समजलेली ०.४५. एका प्रश्नात सगळा वर्ग चार ढिगांत पडतो. असे प्रश्न बनवायला वेळ लागतो पण एकदा बनले की दरवर्षी चालतात, आणि जुन्या उत्तरपत्रिका चाळल्या की चुकीची उत्तरं आयती मिळतात.

एक हिशोब मात्र डोक्यात ठेवा. चार पर्याय असले की डोळे मिटून उत्तर दिलं तरी चारातलं एक बरोबर येतं, म्हणजे माझ्या ३२ पोरांना काहीही येत नसेल तरी सरासरी आठ जण हिरवे दिसणार. म्हणून एका कल्पनेवर दोन प्रश्न घेते, दोन्ही नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सोळात एक उरते, म्हणजे दोनच पोरं. शिवाय जमेल तिथे चौथा पर्याय ‘अजून नाही समजलं’ असा ठेवते. सुरुवातीला कोणी धरत नव्हतं, पण त्या पर्यायासाठी कोणाला बोलायचं नाही हे पाळलं की दिवाळीनंतर पोरं मोकळेपणाने धरायला लागली. प्लिकर्सच्या फुकट खात्यात एका प्रश्नसंचात पाचच प्रश्न घेता येतात, मला तेवढे पुरतात, आठवड्यातून एकदा आणि तेही पाठ संपायच्या आधी. संपल्यावर घेऊन उपयोग काय.

निम्मा वर्ग चुकला असेल तर मी उत्तर सांगतच नाही. शेजाऱ्याला पटवून सांगा म्हणते, दोन-तीन मिनिटं गोंगाट होऊ देते आणि परत कार्डं वर. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१ पासून कॉलेजच्या पोरांना असंच शिकवत आले, पाचवीलाही ते छान चालतं. फक्त मधला वेळ फिरून ऐकण्यात घालवा, फोनमध्ये बघत बसू नका, कारण पोरं एकमेकांना जी कारणं सांगतात ती कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाहीत.

कार्डांचे काही बारीकसारीक मुद्दे. लॅमिनेशन करायचं तर मॅट करा, चकचकीत प्लास्टिकवर खिडकीचा उजेड पडला की कॅमेऱ्याला आकृती वाचता येत नाही. बोटं काळ्या भागावर आली तरी तेच, कडेला धरायला शिकवा. क्विझिझ ह्या प्रश्नमंजूषेच्या अ‍ॅपमध्ये, ज्याचं नाव २०२५ मध्ये वेग्राउंड झालं, त्यातही असा कागदी कार्डांचा प्रकार आहे, कल्पना तीच. आणि स्मार्टफोन, नेट काहीच नसेल तर पाटी आहे. उत्तर लिहा, पाटी पालथी, मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर. नोंद हाताने करावी लागते एवढंच, पण पाटीवर पर्याय नसतात, म्हणजे नशिबाचा भाग जातो आणि कधी कधी आपण विचारही केला नसेल अशी चूक दिसते.

‘चार कोपरे’ पण ह्याच पाटीमुळे वाचला. वर्गाचे चार कोपरे म्हणजे चार उत्तरं, ज्याला जे वाटतं त्याने तिथे पळायचं. नुसता घेतला तर सगळी पोरं हुशार पोराच्या मागे पळतात. आधी पाटीवर लिहायचं, मग पाटी घेऊन कोपऱ्यात जायचं, आणि कोपऱ्यातल्यांनी आपलं कारण सांगायचं, असं केलं की हा खेळ कामाचा होतो.

सापशिडी आमच्या दुसरीच्या बाई घेतात, फरशीवर ऑइलपेंटने १०० घरं आखलीत. कोण जिंकलं ह्याला मूल्यमापनात काही अर्थ नाही, फासा आहे तो. पण मूल सोंगटी कशी सरकवतं ते बघा. ४७ वर उभं आहे, पाच पडले, तर काही मुलं ज्या घरात उभी आहेत तेच ‘एक’ म्हणून मोजतात आणि ५१ वर जातात. तीच मुलं वहीत ४७ अधिक ५ चं उत्तर ५१ लिहितात. वहीत बघितलं तर निष्काळजीपणा वाटतो, खेळात बघितलं की मोजणी कुठून सुरू होते ते दिसतं. त्या बाई आधी ‘५० ओलांडताना कोण कसं मोजतं’ असं एकच ठरवतात, दिवसाला पाच-सहा पोरंच बघतात, आणि म्हणून त्यांच्या नोंदी वाचण्यासारख्या असतात.

दुकान-दुकान हा मात्र माझा सगळ्यात लाडका. खोट्या नोटा, रिकामी पुडकी, ३७ चा साबण, २६ चा बिस्किटपुडा, शंभरची नोट. आमच्याकडे काही पोरं आठवडी बाजारात आईवडिलांबरोबर भाजी विकायला बसतात. त्यातला एक मुलगा फळ्यावर १०० वजा ६३ करताना १६३ लिहितो, म्हणजे शंभरातून त्रेसष्ट गेले आणि एकशे त्रेसष्ट राहिले, आणि दुकानात तोच मुलगा ‘त्रेसष्टचे सत्तर सात, सत्तरचे शंभर तीस’ म्हणत सदतीस रुपये हातावर ठेवतो, माझ्यापेक्षा लवकर! त्याला वजाबाकी येत नाही असं मी कशी लिहू. २०२५ मध्ये नेचर ह्या विज्ञान साप्ताहिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर. त्यातही हेच निघालं, बाजारातला अवघड हिशोब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या गणितात अडतात, आणि उलट शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशोब जड जातो. ह्या मुलाला मी त्याचीच पद्धत वहीत मांडायला लावली, संख्यारेषेवर ६३ वरून ७० वर उडी, मग १०० वर उडी, मग उड्यांची बेरीज. उभी मांडणी त्याच्यानंतर केली. आता १६३ येत नाही, आलंच तर स्वतःच खोडतो कारण ते शंभरापेक्षा जास्त आहे हे त्याला दिसतं.

नोंदींबद्दल. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० पासून आहे, त्यात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम ही सगळी साधनं पहिल्यापासून दिलेली आहेत, म्हणजे खेळातून मूल्यमापन हे काही नियमाबाहेरचं नाही, कोणी विचारलं तर बिनधास्त सांगा. फक्त ‘गणितात रस घेतो’, ‘खेळात उत्साहाने भाग घेतो’ असल्या नोंदी नकोत. ‘दशांश अपूर्णांकांची तुलना करताना अंकांची संख्या बघतो’, ‘सुटे परत देताना पुढे मोजतो, मांडणीत हातचा चुकतो’ अशी नोंद असली की पुढच्या वर्षीच्या बाईंना ती उपयोगी पडते, आणि पालकांना पण काहीतरी सांगता येतं. शाळेत नुसते खेळतात अशी तक्रार दोन पालकांनी केली होती, त्यांना पालक सभेत बसवून तोच ०.४५ चा प्रश्न कार्डांवर घेतला, नंतर त्यांच्या पोरांच्या नोंदी दाखवल्या, तक्रार तिथेच संपली.

जे खेळातून कळत नाही ते पण आहेच. पायऱ्या लिहून उदाहरण सोडवणं, शाब्दिक उदाहरण वाचून त्याची मांडणी करणं, भूमितीत कोनमापक धरून कोन काढणं, ह्याला वहीच लागते. २०२३-२४ पासून पाचवीला वार्षिक परीक्षा परत आलीय, पोरांना पेपर लिहायची सवय लागतेच, ती मी वेगळी करून घेते. मराठीच्या लेखनालाही कार्डांचा उपयोग नाही, तिथे मी साखळी गोष्ट घेते, एकेकाने एकेक वाक्य जोडायचं, आणि काळ, वचन कुठे घसरतंय एवढंच टिपते.

पुढच्या जूनला नवीन पाचवी आली की पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी घेणार आहे: ५०३ वजा २६७ कार्डांवर, एक तृतीयांश आणि एक चतुर्थांशात मोठा कोण हे पाटीवर चित्र काढून, आणि शंभरच्या नोटेचं दुकान. कोणाला सुरुवात करायची असेल तर कार्डं छापायच्या आधी दुकान लावा, पुडकी पोरं घरून आणतात आणि नोटा वर्तमानपत्राच्या कागदावर लिहिल्या तरी चालतात.