नवा लॅपटॉप, नवा टीव्ही : कोणती ओरड ऐकायची?

लाखाच्या आतबाहेरचा लॅपटॉप आणि साठेक हजारांचा टीव्ही, दोन्ही एकाच महिन्यात. इंदूरच्या रामबागेतून मावसबहिणीचा फोन आला तेव्हा तिचं डोकं पार भंजाळलं होतं. लेकीला तिथल्याच एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय आणि घरी नानांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या टीव्हीवर एक हिरवी उभी रेघ कायमची मुक्कामाला आली आहे. "दादा, नवीन आलेल्या कुठल्याही मॉडेलबद्दल विचारलं की एक जण म्हणतो सोनं, दुसरा म्हणतो भंगार. मी ऐकू कुणाचं?"

कुणाचं ते सोड, म्हटलं, कशाबद्दलचं ऐकायचं ते ठरवू.

नातेवाइकांच्या खरेदीत लुडबुड करत कॉम्प्युटरच्या दुकानांनी भरलेल्या सिल्व्हर मॉलचे जिने चढता-उतरता मला बरीच वर्षं झाली. त्यातून एक चाळणी हाती लागली आहे. नव्या वस्तूतून काय काढून टाकलंय याबद्दल लोक ओरडत असतील, तर ती ओरड बहुतेक वेळा खरी निघते. नव्यानं काय घातलंय याची वाहवा होत असेल, तर ती सहा महिने मुरू द्यावी. जी कळ बोटाला लागत नाही तिची उणीव पहिल्याच दिवशी टोचते. नव्या करामतीचा उपयोग किती, हे मात्र घरी वापरल्याशिवाय कुणालाच कळत नाही, वाहवा करणाऱ्यालासुद्धा नाही.

डेलचं बघा. एक्सपीएस १३ प्लस या लॅपटॉपमध्ये २०२२ साली त्यांनी वरच्या ओळीतल्या फंक्शनच्या कळा काढून तिथे स्पर्शाची सपाट पट्टी बसवली. एस्केपची कळ चाचपून सापडेना, लोक वैतागले. जानेवारी २०२५ मध्ये तर एक्सपीएस हे नावच मोडीत काढलं आणि डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स, त्यात पुन्हा प्लस आणि प्रीमियम अशी बारशी केली. भरपूर टिंगल झाली. वर्षभरानं, जानेवारी २०२६ च्या सीईएस प्रदर्शनात, एक्सपीएस परत आलं आणि खऱ्या कळाही परत आल्या. ॲपलनं २०१६ मध्ये टच बार लावून आणि साधी पोर्टं काढून हाच उद्योग केला होता. २०२१ च्या मॅकबुक प्रोमध्ये एचडीएमआय, एसडी कार्डाची खाच आणि मॅगसेफ हा चुंबकानं चिकटणारा चार्जर मुकाट्यानं परत आले.

उलट बाजूला थ्रीडी टीव्ही. २०१० च्या सुमारास दुकानात चष्मा लावून जो तो "वा!" म्हणत होता. २०१७ मध्ये एलजी आणि सोनीनंही ते गुंडाळले. आमच्या एका काकांकडे ते चष्मे अजून आहेत. नातवंडं लावून हिरो होतात.

लॅपटॉप

उमेदवार तीन. पहिला मॅकबुक एअर, एम४ चिपचा. मार्च २०२५ मध्ये आला तेव्हा १३ इंचीची किंमत ९९,९०० रुपये होती. आदल्या वर्षीचा एम३ हा १,१४,९०० ला उतरला होता. म्हणजे नवा आला तो जुन्यापेक्षा पंधरा हजारांनी स्वस्त, आणि महिनाभर आधी जुना पूर्ण किमतीला घेतलेल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. वजन १.२४ किलो, पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. यातली १६ जीबी मेमरी, म्हणजे रॅम, ही तर थेट ओरडीची कमाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये महागड्या मॅकबुक प्रोतही ८ जीबीच दिली, आणि वर कंपनीच्या एका वरिष्ठानं आमचे ८ हे दुसऱ्यांच्या १६ सारखेच असल्याचा युक्तिवाद केला. लोकांनी तो वर्षभर उगाळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलनं मॅकची सुरुवातच १६ पासून केली, एअरची किंमत न वाढवता.

मग भाचीला हाच का नको? कारण ती मेकॅनिकलला आहे. यंत्रांचे भाग पडद्यावर रेखाटायचं सॉलिडवर्क्स विंडोजचं आहे, मॅकची आवृत्ती नाही. कॉमर्सला किंवा डिझाइनला असती तर मी डोळे झाकून एअर म्हटलं असतं. शिवाय यात जुन्या चौकोनी यूएसबीची खाच नाही. कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याला पेन ड्राइव्हच लागतो, तेव्हा अडॅप्टर दप्तरात कायमचा.

दुसरा उमेदवार म्हणजे 'कोपायलट प्लस' असा बिल्ला लावलेले पातळ विंडोज लॅपटॉप. दुकानात हल्ली पहिलं वाक्य हेच, "भिया, इसमें एआई है।" काय करतं ते विचारलं की दुसरं वाक्य येत नाही. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं या बिल्ल्याची अट घातली: एआयसाठी वेगळा भाग हवा आणि त्यानं सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया कराव्यात; शिवाय किमान १६ जीबी मेमरी. माझ्या मते यातली उपयोगी अट शेवटची. तिच्यामुळे निदान या वर्गात तरी ८ जीबीचा लॅपटॉप माथी मारणं बंद झालं.

याच घोषणेत 'रिकॉल' होतं. पडद्यावर जे दिसेल त्याची चित्रं दर थोड्या सेकंदांनी टिपून ठेवायची, म्हणजे नंतर शोधता येईल. लोक हादरलेच. बँकेचं पान, पासवर्ड, घरच्या गप्पा, सगळं साठणार? जूनमध्ये कंपनीनं माघार घेतली, ते आपणहून चालू केलं तरच चालेल असं केलं, पुढेही ढकललं, आणि सर्वांपर्यंत यायला एप्रिल २०२५ उजाडला. माझ्या चाळणीत हे नीट बसत नाही, इथे घातलेल्या गोष्टीबद्दलची ओरड खरी ठरली. घरात एकच लॅपटॉप चौघं वापरत असतील तर रिकॉल बंद आहे ना, हे आधी बघा.

या बिल्ल्याखाली दोन जाती येतात आणि दुकानदार ते आपणहून सांगत नाही. स्नॅपड्रॅगन चिपवाल्यांची बॅटरी खरंच चिवट आहे, पण ते एआरएम जातीचे. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांना तिथे मध्ये दुभाष्या लागतो, आणि जुन्या प्रिंटरचा एआरएमसाठी ड्रायव्हर नसेल तर दुभाष्यानंही भागत नाही. इंटेलची २०२४ ची कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिका या कटकटीतून सुटते, मात्र तिच्यात मेमरी प्रोसेसरच्याच पाकिटात बंद असते, ३२ जीबीपर्यंत. जी घेतली ती घेतली.

या 'घेतली ती घेतली'नं मी स्वतः पोळलोय. काही वर्षांपूर्वी एक देखणा, पातळ लॅपटॉप घेतला, ८ जीबीचा. मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली आहे अशी तक्रार तेव्हाही होत होती. मी म्हटलं, किरकिरे लोक. तीन वर्षांनी ब्राउझरमध्ये दहा खिडक्या उघडल्या की तो धापा टाकू लागला. सिल्व्हर मॉलमधल्या एका पोरानं मागचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "भिया, इसमें तो जगह ही नहीं है।" झाकण लावायचे पैसेही घेतले नाहीत त्यानं. त्याचं जास्त लागलं.

म्हणून भाचीसाठी माझं मत तिसऱ्या उमेदवाराला : वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि मेमरीच्या दोन खाचा असलेला, आदल्या वर्षीच्या प्रोसेसरचा जाडजूड विंडोज लॅपटॉप. याच्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. जड आहे, चार्जर विटेएवढा, पंखा मिक्सरसारखा वाजतो, आणि चार्जरशिवाय अख्खा दिवस काढण्याची आशाच नको. पण या तक्रारी दुकानात उभ्या उभ्या कळतात. तीन वर्षांनी झाकण उघडल्यावर नाही.

यात एक पाचर आहे. २०२५ च्या शेवटाला मेमरी भयंकर महागली, कारण चिप कंपन्यांनी आपली ताकद एआयच्या सर्व्हरांकडे वळवली. मायक्रॉननं तर डिसेंबरमध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा "आत्ता ८ घे, पुढच्या वर्षी वाढवू" हा जुना मध्यमवर्गीय हिशेब सध्या उलटा पडतो. १६ आत्ताच घ्यावे. रिकामी खाच पुढे भाव उतरतील तेव्हासाठी.

टीव्ही

इथे निदान सरकारनं हात दिलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. करापूर्वी ५०,००० चा टीव्ही ६४,००० ऐवजी ५९,००० ला पडतो. लॅपटॉप आधीही १८ मध्येच होते, तिकडे काही हललं नाही.

महारानी रोडवर किंवा मोठ्या शोरूममध्ये शेजारीशेजारी लावलेले ओएलईडी आणि मिनी एलईडी बघून निर्णय घेऊ नका. दुकानात दोन्ही 'व्हिविड' या भडक रंगांच्या सेटिंगवर असतात आणि त्यावर पोपट उडत असतात. नानांकडे पोपट नाहीत. बातम्या, क्रिकेट आणि दुपारी साडेतीनचं पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन आहे.

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळं ते खरं काळं. रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याला त्याच्यापुढे काही आवडणार नाही, आणि बाजूला बसणाऱ्यालाही रंग नीट दिसतात. पण अख्खा पडदा पांढरा झाला की त्याची प्रखरता उतरते आणि उन्हाच्या खोलीत समोरची खिडकीच आरशासारखी दिसते. शिवाय बातम्यांची पट्टी आणि वाहिनीचं चिन्ह रोज आठ-आठ तास एकाच जागी राहिलं, तर त्याचा डाग पडण्याची भीती असते. नानांचा टीव्ही सकाळी पोह्यांबरोबर लागतो तो रात्रीच्या गोळ्यांबरोबर बंद होतो. ओएलईडी इथेच बाद, किमतीपर्यंत जायलाच नको.

मिनी एलईडीत पडद्यामागे बारीक दिव्यांचे गट असतात. गट जितके जास्त तितकं बरं. खोली उजेडाची असेल तर हाच. उणीव अशी की काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स आली की भोवती धूसर प्रभावळ दिसते, आणि बऱ्याच मॉडेलांत कोपऱ्यातल्या दिवाणावरून रंग फिके वाटतात. रामबागेत दिवाणावर कोण बसतं? पाहुणे. चालेल.

जाहिरातीतल्या १२० हर्ट्झकडे, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलण्याकडे, फार बघू नका, सेट-टॉप बॉक्सवरच्या क्रिकेटला त्याची गरज नाही. भाचा प्लेस्टेशन आणणार असेल तर वेगळी गोष्ट.

एक ताजी ओरड मात्र ध्यानात ठेवा. डिसेंबर २०२५ मध्ये एलजीच्या टीव्हींवर अपडेटबरोबर कोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाचं चिन्ह आपोआप येऊन बसलं आणि काढता येईना. लोक चिडले, तेव्हा काढायची सोय देऊ असं कंपनीनं सांगितलं. सोनोसनं मे २०२४ मध्ये स्पीकरचं ॲप बदललं, त्यात गजरासारख्या साध्या सोयीच गायब झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. म्हणजे काढाकाढी आता विकत घेतल्यानंतरही, घरबसल्या होते.

साउंडबार? पातळ टीव्हीत समोर तोंड केलेल्या स्पीकरला जागाच उरली नाही, त्यामुळे नानांना संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रार कानांची नाही. ईएआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनंच बारकडे नेण्याची सोय, असलेला साधा बार पुरे. छताला आवाज आपटवणारे महागडे प्रकार सध्या नकोत.

परवा संध्याकाळी नानांना घेऊन दुकानात गेलो. ५५ इंची मिनी एलईडी समोर, सेल्समन रंगात आलेला, गट किती, प्रखरतेचे निट्स किती, सगळं झालं. नानांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी रिमोट हातात घेतला, उलटा-सुलटा केला. बोटाएवढा रिमोट, त्यावर नेटफ्लिक्सचं बटण, प्राइमचं बटण, माइकचं बटण.

"आकडे कुठायत?" नाना म्हणाले.