गालाचा कॅन्सर आणि तीन हॉस्पिटलं: डॉक्टर निवडण्याचा आमचा आठ महिन्यांचा अनुभव

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ऑपरेशनला आता आठ महिने झाले. या काळात ओळखीच्या आणि अनोळखी दहा-बारा घरांतून फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "तुम्ही कुठे दाखवलंत?" हॉस्पिटलचं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही, हे मला आता पक्कं कळलंय, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढते. मी डॉक्टर नाही. वय ६१, पस्तीस वर्षं तंबाखू-चुना, डाव्या गालाच्या आत कॅन्सर, असा एकच पेशंट मी जवळून पाहिलाय. त्यातून जे कळलं तेवढंच लिहिते.

सुरुवात गालात आतून आलेल्या पांढऱ्या चट्ट्याने झाली. मग तिथे जखम झाली. गावाजवळच्या दातांच्या डॉक्टरांनी "दाढ घासतेय" म्हणून दोन महिने गुळण्या करायचं औषध आणि गोळ्या दिल्या. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर बायोप्सी, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणी, करायची असते, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही. पुढचे तीन आठवडे घरातच गेले, कारण भावकीत एकाने अण्णांच्या मनात भरवलं होतं की सुई लागली की कॅन्सर पसरतो. तसं काही नसतं. बायोप्सीशिवाय उपचाराचं पानही हलत नाही. शेवटी आईने शपथ घातली आणि अण्णा पुण्याला माझ्याकडे आले.

पहिलं हॉस्पिटल मोठं, चकचकीत होतं. बायोप्सी आणि सीटी स्कॅन तिथेच झाले. डॉक्टर बोलायला चांगले होते, उगाच कशाला नावं ठेवायची नाहीत. पण सगळं सात-आठ मिनिटांत उरकलं. "गाठ तीन सेंटिमीटरच्या आत आहे, उद्या अॅडमिट करा, परवा सकाळी घेतो." तोंडाचा कॅन्सर मानेतल्या गाठींत पसरू शकतो, म्हणून भावाने विचारलं, मानेचं काय? "मानेत हाताला गाठ लागत नाहीये, स्कॅनमध्येही नाही. नंतर आली तर बघू." मी विचारलं, तोंडाची अशी ऑपरेशनं महिन्याला साधारण किती करता? ते म्हणाले, "मी सगळ्याच प्रकारची कॅन्सर सर्जरी करतो." उत्तर प्रामाणिक होतं आणि आम्हाला तेवढ्यात कळायचं ते कळलं. खाली बिलिंगच्या खिडकीवर साडेसहा लाखांचं एस्टिमेट तयार होतं. डिपॉझिटसाठी भावाने कार्ड बाहेर काढलंसुद्धा होतं. मी त्याला म्हटलं, "दादा, आजची रात्र थांबू."

ती रात्र फार वाईट गेली. थांबून आपण अण्णांचं नुकसान तर करत नाही ना, हाच विचार डोक्यात होता. फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते: आधीच दोन-तीन महिने गेलेले असताना दुसरं मत घ्यायला एक आठवडा गेला म्हणून सहसा बिघडत नाही. चुकीचं पहिलं ऑपरेशन मात्र नीट करता येत नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिली संधी हीच सगळ्यात मोठी संधी असते. अर्थात श्वासाचा त्रास असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबायचं नाही.

दुसऱ्या मतासाठी नुसते रिपोर्ट पुरत नाहीत, स्लाइड (बायोप्सीच्या तुकड्याचे काचेवरचे पातळ काप) आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तो तुकडा) लागतात. हे आधी माहीत असतं तर आमचे तीन हेलपाटे वाचले असते. रेकॉर्ड विभागात पहिल्या दिवशी "ब्लॉक बाहेर देत नाही" असं सांगितलं, दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर होते. तिसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला, पेशंटची सही, ओळखपत्राची प्रत जोडली आणि मिळाला. प्लास्टिकची एक छोटी जाळीदार डबी, तिच्यात पिवळसर मेण आणि मेणात तांदळाच्या दाण्याएवढा करडा तुकडा. बाजूला पेन्सिलने नंबर. अण्णांच्या गालाचा तो तुकडा मी पर्समध्ये रुमालात गुंडाळून मुंबईला नेला आणि शिवाजीनगरपासून दादरपर्यंत पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही.

परळच्या टाटा मेमोरियलबद्दल इतकं बोललं जातं की मी नवीन काय सांगणार! १९४१ साली सुरू झालेलं हे हॉस्पिटल १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. अण्णांना याचंच फार नवल वाटलं, "अणुबाँबवाल्यांचं हॉस्पिटल का हे?" म्हणून त्यांनी रांगेतल्या चार जणांना विचारलं. राहायची सोय दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातले पेशंट तिथे होते. एका बाईने आईला नाकातल्या नळीतून पातळ भाकरीची पेज कशी द्यायची ते करून दाखवलं. पुढे सहा आठवडे आम्हाला तेच उपयोगी पडलं.

टाटामध्ये आधी स्लाइड पुन्हा तपासल्या गेल्या. मग जॉइंट क्लिनिक झालं. मला या सगळ्यातून एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि केमोचे डॉक्टर अशा तिघांनी एका खोलीत, एका वेळी अण्णांचं तोंड पाहिलं, आपसात बोलले आणि एकाच कागदावर पुढचा सगळा क्रम लिहिला. आधी ऑपरेशन, त्यातच मानेच्या गाठी (प्रत्येकाच्या मानेत असतात त्या लसिकाग्रंथी) काढायच्या, रिपोर्ट बघून रेडिएशन, आणि त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडून किडलेले दात काढून घ्यायचे. रेडिएशननंतर दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून हे आधी. पहिल्या हॉस्पिटलात दातांचा विषयसुद्धा निघाला नव्हता.

मानेबद्दल मी पुन्हा विचारलं. तरुण डॉक्टर होते, त्यांनी मराठीत नीट समजावलं. तोंडाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात असताना, मानेत काही लागत नसलं तरी तिथल्या गाठी त्याच वेळी काढाव्यात की नंतर आल्यावर, यावर त्यांच्याच हॉस्पिटलात मोठा अभ्यास झाला होता. २०१५ साली तो छापून आला. आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते, "नंतर बघू" म्हटलेल्यांपैकी ६७.५ टक्के. मी धर्मशाळेत येऊन हे दोन आकडे वहीत लिहिले. आम्हाला जे वाक्य आठ मिनिटांत सांगितलं गेलं होतं, त्याची किंमत इतकी होती.

तरीही ऑपरेशन आम्ही पुण्यातच केलं. यावर नातेवाइकांनी बराच वाद घातला. आमचा हिशोब साधा होता. ऑपरेशन म्हणजे पुढचे पंधरा दिवस हॉस्पिटल, मग ड्रेसिंग, नळी, पुन्हा तपासण्या, आणि मी पुण्यात राहते. योजना लेखी हातात होती. प्रश्न फक्त ती तशीच पाळणारा सर्जन शोधायचा होता. २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड हे कॅन्सर केंद्रांचं जाळं तयार झालं, देशातली तीनशेहून जास्त केंद्रं त्यात आहेत, आणि कोणत्या कॅन्सरला काय उपचार द्यायचे याच्या सूचना त्यांनी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्यात. त्या यादीतून आम्ही पुण्यातलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल निवडलं. इमारत जुनी, लिफ्टसमोर रांग. पण तिथले सर्जन फक्त डोकं आणि मान यांच्याच कॅन्सरची ऑपरेशनं करतात, आठवड्याला चार-पाच. गाल काढल्यावर तिथे मांडीचं मांस कोण लावणार, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी प्लास्टिक सर्जनना तिथेच बोलावून घेतलं. ओपीडीच्या कागदावर गाल, जबडा, मान काढून कुठे काप घेणार ते दाखवलं. परळचा कागद पाहून म्हणाले, "बरोबर आहे, मी हेच करणार होतो. अजून कोणाला दाखवायचं असेल तर दाखवून या, मला राग नाही." आमचा निर्णय या वाक्यावर झाला.

साडेनऊ तास ऑपरेशन चाललं. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. कडा स्वच्छ, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर नव्हता. मानेतून ३६ गाठी काढल्या, त्यातल्या एका गाठीत कॅन्सर निघाला. हाताला न लागणारी, स्कॅनमध्ये न दिसलेली एक गाठ. मी तो रिपोर्ट हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तीनदा वाचला. "नंतर आली तर बघू" म्हणून तीच गाठ आत राहिली असती. गाठीच्या आवरणाबाहेर कॅन्सर गेलेला नव्हता आणि कडा स्वच्छ होत्या, म्हणून केमोची गरज नाही, फक्त रेडिएशन, असं ठरलं. त्याआधी दोघा-तिघांनी "केमो दिली नाही म्हणजे नीट उपचार नाहीत" असं आईला सांगून घाबरवलं होतं. कोणता उपचार का नाही, हेही डॉक्टरांना विचारा, चांगले डॉक्टर कारण सांगतात.

पैशांचं थोडक्यात. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झालं. योजनेची मर्यादा आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाख आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही ती मिळते. पण हॉस्पिटल योजनेत आहे एवढ्यावर थांबू नका. एखादं हॉस्पिटल हृदयासाठी योजनेत असतं, कॅन्सरसाठी नसतं. अॅडमिट होण्याआधी आरोग्यमित्राच्या (योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनिसाच्या) टेबलवर जाऊन नेमक्या ऑपरेशनची मंजुरी घ्या, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही. योजनेत बसलं नाही तर राज्यातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा आणि मेडिकल सोशल वर्करला भेटा. बिलिंगच्या खिडकीवर हे कोणी आपणहून सांगत नाही. रेल्वेने उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री टियर एसीत भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट घ्यावं लागतं.

आता आमची चूक. रेडिएशन ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू करायचं होतं. ३० वेळा, आठवड्यातून पाच दिवस. अण्णांचं घर बरेच दिवस सुटलं होतं, म्हणून गावापासून तासाभरावरचं केंद्र घेतलं. जवळचं केंद्र घेणं चूक नव्हतं. तीस फेऱ्या माणसाने घरून कराव्यात, यावर मी अजून ठाम आहे. चूक ही की मी मशीन कोणतं, लाळेच्या ग्रंथी वाचवणारं तंत्र आहे का, हे सगळं विचारलं, पण मशीन बंद पडलं तर काय, हे विचारलं नाही. सतराव्या दिवसानंतर मशीन बंद पडलं ते चार दिवस. तिथला माणूस सांगायचा, "फोन करतो, चालू झालं की या." मध्ये खंड पडला तर उपचाराचा परिणाम कमी होतो. मी पुण्याच्या सर्जनना फोन केला, त्यांनी तिथल्या डॉक्टरांशी बोलून पुढचे दोन शनिवार घ्यायला लावले. दुसरं मशीन आहे का, नसेल तर बुडालेले दिवस कसे भरून काढणार, हे पहिल्याच दिवशी विचारा.

रेडिएशनसाठी चेहऱ्याचा मुखवटा करतात. गरम पाण्यातून काढलेली पांढरी जाळी चेहऱ्यावर ताणून बसवतात, ती थंड होऊन कडक होते. तीस दिवस तोच मुखवटा टेबलाला अडकवून अण्णा निजले. शेवटच्या दिवशी तो त्यांनी घरी आणला. आई म्हणाली, "टाकून द्या बाई ते." अण्णांनी तो माळ्यावर ठेवलाय.

डॉक्टर निवडताना आम्ही विचारलंच नव्हतं, आणि आता सगळ्यात मोठं वाटतं, ते म्हणजे ऑपरेशननंतर तोंड उघडायला कोण शिकवणार. नशिबाने त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होत्या. त्यांनी आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून रबर लावायला शिकवलं. गठ्ठा दाढांमध्ये धरायचा, मावेल तेवढा, मग आणखी एक काडी मधे सरकवायची. दिवसातून पाच वेळा. डिस्चार्जच्या दिवशी अण्णांच्या तोंडात आठ काड्या मावत होत्या. रेडिएशनच्या मध्यात सहावर आल्या. तोंड सोललं होतं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण आई घड्याळ लावून समोर बसायची. माझ्या ओळखीच्या एका काकांचं ऑपरेशन अण्णांच्या आधी महिनाभर, दुसरीकडे झालं. त्यांना हे कोणी शिकवलं नाही. आज त्यांच्या तोंडात चमचा जात नाही.

सध्या दर दोन महिन्यांनी तपासणीला यावं लागतं. मागच्या वेळी सर्जननी आत आरसा फिरवून पाहिलं, मान दाबून पाहिली आणि म्हणाले, "तंबाखू?" अण्णांनी दोन्ही तळहात वर केले. काल रात्री आईचा फोन आला होता. पंधरावी काडी गेली, आणि कुस्करलेली भाकरी दुधातून न घेता आमटीतून घेतली म्हणे.